छांगते भाऊ, जरा लवकर जागे व्हा!

मॅच संपून कधीचं झालं, पण आमच्यात वाद अजून पेटलेलाच आहे. २०२४ च्या आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग फुटबॉल) सेमीफायनलच्या दोन सामन्यांपैकी पहिला, म्हणजे पहिला लेग; गोवा विरुद्ध आमची मुंबई, गोव्यातलं फातोर्डा मैदान. बोरिस आणि ब्रँडनच्या गोलमुळे गोवा २-०, घड्याळात नव्वदावं मिनिट. आमच्यातला एक जण वैतागून निघालाच होता. मग मुंबईचे गोल: छांगते, विक्रम प्रताप, परत छांगते! मुंबई ३-२! गडी दारात, एका पायात चप्पल, आणि हा ओरडतोय.

आता म्हणे छांगतेला दहापैकी दहा. दुसरा विचारतो, आधी इतका वेळ कुठे होता साहेब? अरे, फॉरवर्डनं दोन गोल मारलेत, अजून काय आरती ओवाळून घ्यायची का त्याच्याकडून? माझं म्हणणं वेगळंच आहे. बरोबरी साधणाऱ्या विक्रमचं नाव कुणी घेतच नाहीये. तो गोल पडला आणि गोव्याचे पाय लटपटले.

मुंबईच्या बचावाला मात्र मी काठावरही पास करणार नाही. जिंकलो म्हणून सगळं माफ नसतं. (गोव्याचे मित्र फोन उचलत नाहीयेत, समजू शकतो.)

२९ एप्रिल २०२४ ला अंधेरीत दुसरा लेग होता. तिथे तरी पहिल्या मिनिटापासून खेळा रे बाबांनो, एवढंच मागणं होतं!