तुम्ही विचारलंत म्हणून: नेपाळात नेमकं बदललं काय?

नेपाळहून पुण्याला आले की कोणी ना कोणी विचारतंच, "अगं तिथे सारखी सरकारं पडतात, 2025 च्या सप्टेंबरात तर संसदेलाच आग लागली, मग तुमच्या त्या बायकांच्या आणि पोरांच्या संस्थांनी साध्य काय झालं?" उभ्या उभ्या सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

सरकारांचं खरंच आहे. 2008 ला राजेशाही गेली, 2015 ला संविधान आलं, आणि 2008 पासून डझनाहून जास्त सरकारं येऊन गेली. पण मला विचाराल तर काठमांडूकडे बघून तिथली लोकशाही कळत नाही, ती वडा कार्यालयात जाऊन बघावी लागते. वडा म्हणजे वॉर्ड. 1997 नंतर तब्बल 20 वर्षं तिथे स्थानिक निवडणुकाच झाल्या नव्हत्या, आधी माओवादी युद्ध, मग राजकीय घोळ, गावचा कारभार सरकारी सचिव हाकायचा. 2017 ला निवडणुका झाल्या, 753 पालिका, आणि कायदाच असा की वड्यातल्या पाच जणांत दोन बायका पाहिजेत, त्यातली एक दलित. एका फटक्यात साडेसहा हजारांच्या वर दलित बायका निवडून आल्या. ज्यांना गावच्या नळाला हात लावू देत नव्हते, त्यांच्यापुढे त्याच नळाच्या पाइपलाइनची फाइल आली.

हो, सरपंचपती तिथेही आहेत, सही तिची आणि बोलणार तो. पण एक गोष्ट फार चांगली केलीय, पालिकेच्या उपप्रमुखाकडे संविधानानेच न्यायिक समिती दिलीय, आणि उपप्रमुख बहुतेक ठिकाणी बाई असते. अशा सुनावण्यांना मी बसलेय. पत्र्याखालची खोली, बाकावर दोन्ही बाजूचे लोक, भांडण कुलोच्या पाण्याचं, म्हणजे पाटाचं पाणी आधी कोणी घ्यायचं याचं. वरच्या आळीचा माणूस आवाज चढवून बोलत होता, उपप्रमुख बाईंनी रजिस्टरमधून मान वर केली आणि म्हणाल्या, दाइ (म्हणजे दादा), आधी बसा, मग बोला. तो बसला. पाळ्या तिथेच ठरल्या, अंगठे-सह्या झाल्या, लोक आपापल्या वाटेने गेले. जिल्ह्याच्या कोर्टात हेच किती वर्षं चाललं असतं सांगा.

आता 2022 ला पक्षांनी पळवाट काढली. प्रमुख-उपप्रमुख यातली एक बाई हवी ही अट पक्ष दोन्ही जागा लढवत असेल तरच लागू, मग आघाडी करून एकेक जागा वाटून घेतली की झालं. उपप्रमुखपदावरच्या बायका 90 टक्क्यांहून जास्त होत्या त्या 75 टक्क्यांच्या आसपास आल्या. याचा मला अजून राग येतो. आणि अशा वेळी ओरडायला संस्था लागतात, पक्ष स्वतःहून जागा सोडत नसतात.

पैशाचं म्हणाल तर जंगलं बघा. 1993 च्या वन कायद्याने जंगल राखायचं काम गावातल्या उपभोक्ता समूहांना दिलं, आज असे 22 हजारांवर समूह आहेत, आणि देशातलं जंगल 1992 च्या सुमाराला 26 टक्के होतं ते 2016 पर्यंत 45 टक्क्यांवर गेलं. आपल्या गडचिरोलीतल्या मेंढा लेखा गावासारखंच, पण देशभर. समूहाच्या उत्पन्नातला चौथा हिस्सा जंगलावरच लावायचा, आणि उरलेल्यात गरीब घरांचा वाटा ठरलेला. साल झाडाच्या पानांच्या पत्रावळीचं मशीन असल्याच फंडातून येतं आणि ते चालवणारी बाई महिन्याच्या महिन्याला हिशेब वाचून दाखवते, सगळ्यांसमोर. सहकारी पतसंस्थांमध्ये तिथे लोकांचे पैसे बुडालेत, खूप बुडालेत, म्हणून हे उघड हिशेब वाचणं मला फार मोठं वाटतं.

तरुणांचं मात्र वाईट वाटतं. देशाच्या उत्पन्नाच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढे पैसे बाहेर गेलेली पोरं घरी पाठवतात, आखाती देश, मलेशिया, आणि पश्चिम टोकाच्या अछाम-बझांग जिल्ह्यांकडची पोरं तर आपल्या पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांच्या गेटवर. पालिकेचं बजेट रस्ते उकरण्यात जातं, तिथले लोकच त्याला डोजरे विकास, म्हणजे बुलडोझरचा विकास, म्हणतात, आणि युवकांच्या नावाने उरतं ते दोन दिवसांचं तालीम (म्हणजे प्रशिक्षण), बॅनर, चहा, सर्टिफिकेट. देणाऱ्या परदेशी संस्थांनाही तेच आवडतं कारण फोटो मिळतो. मग 8 सप्टेंबर 2025 ला शाळा-कॉलेजची पोरं रस्त्यावर आली, पहिल्याच दिवशी 19 जण गोळीबारात गेले, नंतरचा आकडा सत्तरच्या वर. सोशल मीडियावरची बंदी हे निमित्त होतं हो, राग भ्रष्टाचाराचा होता, आणि आपल्याला कोणी विचारत नाही याचा. याच पोरांनी पुढे डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर चर्चा करून सुशीला कार्कींचं नाव पुढे केलं, 12 तारखेला माजी सरन्यायाधीश असलेली ती बाई देशाची पहिली महिला पंतप्रधान झाली. ज्यांना आपण दोन दिवसांचं तालीम देत होतो त्यांनी हे केलं!

म्हणून कोणी मदत करायची म्हटलं की मी एवढंच सांगते, कार्यक्रमाला पैसे देऊ नका. वड्यातल्या एखाद्या युवा गटाला किंवा आमा समूहाला, म्हणजे आयांच्या गटाला, तीन-चार वर्षं सलग द्या, त्यातून एका हिशेबनीसाचा पगार निघू दे, खोलीचं भाडं निघू दे, आणि काय करायचं ते टोलच्या, म्हणजे आळीच्या, बैठकीत त्यांचं त्यांना ठरवू दे. रक्कम छोटी असली तरी चालेल, पण दर सहा महिन्यांनी नवीन प्रस्ताव मागू नका, चांगली पोरं त्यातच कंटाळून पासपोर्ट काढतात.