स्क्रॅच म्हणजे ती रेघ

गेल्या आठवड्यात हार्ड डिस्क गेली आणि माझं चार महिन्यांचं भाषांतर तिच्याबरोबरच गेलं, बॅकअप नव्हता. मैत्रिणीला सांगितलं तर ती हळूच म्हणाली, ‘म्हणजे आता स्टार्ट फ्रॉम स्क्रॅच.’ हे आपण येताजाता बोलतो, पण त्या दिवशी पहिल्यांदाच डोक्यात आलं की स्क्रॅच म्हणजे तर ओरखडा, मग ओरखड्यापासून सुरुवात कशी काय करतात?

तर हा ओरखडा म्हणजे शर्यत सुरू करायला जमिनीवर ओढलेली रेघ. पूर्वीच्या हँडिकॅप शर्यतीत कमी वेगाच्या लोकांना काही यार्ड पुढे उभं करायचे, आणि ज्याला काहीच सवलत नाही तो थेट त्या रेघेवरून पळायचा. म्हणजे सगळ्यात दमदार गडी मागे! मला हे फार आवडलं. गोल्फमध्ये आजही ज्याचा हँडिकॅप, म्हणजे फटक्यांची सवलत, शून्य, तो स्क्रॅच प्लेअर. मुष्टियुद्धातही अशी रेघ होती, १८३८ च्या लंडनच्या नियमांप्रमाणे पडलेल्याला ३० सेकंद विश्रांती आणि पुढच्या ८ सेकंदांत कुणाचाही हात न धरता रिंगणाच्या मधल्या रेघेपर्यंत चालत यायचं, नाही पोचला तर हरला.

आता वापराचं. बरेच जण ‘फ्रॉम द स्क्रॅच’ म्हणतात, तिथे ‘द’ येत नाही. आणि हाताशी आधीचं काहीच घ्यायचं नसेल तरच हे म्हणायचं, जुन्या वेबसाइटचे नुसते रंग बदलले तर ती काही फ्रॉम स्क्रॅच केलेली नाही. ‘बॅक टू स्क्वेअर वन’ पण वेगळं, त्यात खटपट करूनही होतो तिथेच परत आल्याची हळहळ आहे, आपलं पहिले पाढे पंचावन्न. मराठीत ‘श्रीगणेशा’ म्हणावं तर त्यात सुरुवात आहे पण हात रिकामे असल्याचं काही येत नाही, ‘अगदी शून्यापासून’ हेच मला सगळ्यात जवळचं वाटतं.

काल पहिलं पान परत टाइप केलं. मागच्या वेळी सुरुवातीच्याच वाक्यावर तीन दिवस अडले होते, या वेळी ते आधीपेक्षा छोटं आणि सरळ आलं, जुनं कसं होतं ते आता नीट आठवतही नाहीये.