तुम्ही विचारलंत म्हणून : दुसऱ्यांची पत्रं

"अहो, त्या ब्रॉन्टे बहिणींच्या कादंबऱ्या वाचून झाल्या ना? मग आता त्यांच्या घरची पत्रं आणि दोनशे वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रं कशाला उपसत बसता?" हे मला भिशीत विचारून झालंय, लग्नाच्या पंगतीत विचारून झालंय, आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असताना विचारलं. तेव्हा उत्तर राहून गेलं. ते आता देते.

आधी घर कुठलं ते सांगते. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये हॉवर्थ नावाचं गाव आहे. चढाच्या रस्त्याच्या टोकाला चर्च, त्याच्या वर पाद्र्यांचं घर आणि घराच्या दारातच कबरस्तान. पॅट्रिक ब्रॉन्टे हे मूळचे आयर्लंडचे. १८२० मध्ये बायको आणि सहा मुलं घेऊन ते इथे आले. पुढच्याच वर्षी बायको गेली. १८२५ मध्ये दोन थोरल्या मुली निवासी शाळेतून आजारी होऊन परतल्या आणि गेल्या. उरली चार : शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि ॲन. तिघी बहिणींनी १८४७ मध्ये टोपणनावांनी कादंबऱ्या छापल्या आणि पुढच्या दोन वर्षांत शार्लट सोडून सगळी भावंडं संपली. यावरून लोकांच्या मनात जे चित्र बसलंय ते म्हणजे माळरान, घोंगावणारा वारा, खोकला आणि प्रतिभा. मला त्या वाऱ्याचा कंटाळा आला होता. या घरात दुधाचा हिशोब कोण बघायचं, हे मला हवं होतं.

जुनी ब्रिटिश वर्तमानपत्रं आता वर्गणी भरली की पुण्यात बसून वाचता येतात. (त्यांचे कागदी गठ्ठे ठेवलेत ते बोस्टन स्पा या गावी, तेही यॉर्कशायरमध्येच. म्हणजे कागद फिरून फिरून ब्रॉन्ट्यांच्या शेजारी आले म्हणायचे.) मी वर्गणी भरली आणि सगळे करतात तेच केलं : आडनाव टाकून शोधलं. पडद्यावर आला ॲडमिरल नेल्सन! त्याला सिसिलीतल्या ब्रॉन्टे गावची ड्यूकची पदवी होती, त्यामुळे जिकडेतिकडे तोच. त्यात यंत्राला जुनी छपाई नीट वाचता येत नाही. 'एन'चा 'यू' होतो आणि ब्रॉन्टेचं भलतंच काही होऊन बसतं. दोन आठवडे डोळे फोडल्यावर कळलं, की १८४७ च्या आधी हे कुटुंब पेपरात फारसं नाहीच. वडिलांची संपादकांना लिहिलेली पत्रं आणि मुलाच्या कविता येतात. मुलींचं नाव जवळजवळ नाही.

मग मला शार्लटचंच एक वाक्य सापडलं. १८२९ च्या मार्चमध्ये, तेरावं सरायच्या आधी, तिने घरातल्या गोष्टींची एक नोंद लिहून ठेवली. त्यात ती सांगते : आम्ही दोन वर्तमानपत्रं घेतो आणि तीन बघतो. घेतात ती 'लीड्स इंटेलिजन्सर' आणि 'लीड्स मर्क्युरी', म्हणजे एक टोरी या पुराणमतवादी पक्षाचं आणि एक त्यांच्या विरोधी व्हिग पक्षाचं. तिसरं 'जॉन बुल', कट्टर टोरी, 'फार जहाल', ते ड्रायव्हर नावाचे गृहस्थ वाचायला देतात. इंग्रजी स्पेलिंग अर्थातच चुकलेली.

'घेतो' आणि 'बघतो' यातला फरक आपल्याला कुणी समजावायला नको. शेजारच्यांचा पेपर त्यांच्याआधी वाचून घडी घालून परत ठेवलेल्या पिढीतली मी आहे. तेव्हा इंग्लंडात पेपराच्या प्रत्येक प्रतीवर चार पेन्सचा सरकारी कर होता आणि अंक पडायचा सात पेन्सला. अशा काळात बेताच्या पगाराचा पाद्री एकमेकांशी भांडणारे दोन पेपर विकत घेतो, आणि मुलगी त्यांचे पक्ष पाठ सांगते.

त्या वाक्याने माझी दिशाच बदलली. त्यांच्याविषयी काय छापून आलं ते शोधायचं सोडलं आणि त्यांच्या टेबलावर जो अंक पडला होता तो वाचायला घेतला.

तरीही कुठे कुठे घर आणि पेपर एकमेकांना भेटतात. २ सप्टेंबर १८२४ ला हॉवर्थजवळच्या क्रो हिलवर मुसळधार पाऊस होऊन दलदलीची जमीन फुटली आणि चिखलाचा लोंढा खाली आला. लीड्समध्ये एअर नदीचं पाणी गिरण्यांना वापरता येईना इतकं गढूळ झालं. पॅट्रिकनी पेपरांना पत्रं लिहिली. त्यांच्या मते हा भूकंप होता. इतरांचं म्हणणं, पाणी पिऊन फुगलेली दलदल फुटली, आणि इतरच बरोबर होते. पण त्याच महिन्यात त्यांनी यावर प्रवचन दिलं आणि छापलं, त्यात मुलांचा उल्लेख येतो. बरं नव्हतं म्हणून धाकट्यांना नोकरांबरोबर हवा खायला माळावर पाठवलं होतं. ती लवकर येईनात, म्हणून बाप वरच्या खोलीत जाऊन खिडकीतून वाट बघत उभा राहिला. भूकंपाचा सिद्धांत चुकीचा असेल, ती खिडकी खरी.

आता एमिली. तिघींतली ही सर्वांत गूढ, असं सगळे म्हणतात, आणि तशी सोयही आहे, कारण तिच्या हातची दोनतीन त्रोटक पत्रं सोडली तर काही उरलेलं नाही. १८४२ मध्ये मावशी गेली आणि तिने भाच्यांना थोडे पैसे ठेवले. ते यॉर्क अँड नॉर्थ मिडलंड रेल्वेच्या शेअरांत होते. शार्लट ब्रसेल्सला शिकत आणि शिकवत असताना तो व्यवहार सांभाळला एमिलीने. शार्लट आपल्या जुन्या शिक्षिकेला, मिस वुलरना, पत्रात सांगते, की रेल्वेसंबंधीचा प्रत्येक मजकूर आणि प्रत्येक जाहिरात काळजीपूर्वक वाचून एमिलीने या विषयात लागेल तेवढी माहिती करून घेतली आहे.

हे वाचल्यावर मी १८४५ चे अंक उघडले. ते रेल्वेच्या वेडाचं वर्ष. पान भरभरून नव्या कंपन्यांच्या जाहिराती, बारीक टाइप, भांडवल इतकं, शेअर इतके, संचालकांची नावं. चष्मा लावूनही मी अर्ध्या पानावर थकले. तेच रकाने ती बाई स्वयंपाकघराशेजारी बसून ओळ न ओळ वाचत होती! पुढे १८४६ च्या जानेवारीत शार्लटला धास्ती वाटते, वेळ आहे तोवर शेअर विकून टाकावेत. बहिणींना पटत नाही. तेव्हा ती लिहिते, की एमिलीचं मन दुखावण्यापेक्षा नुकसान झालं तरी परवडेल. तीन वर्षांनी, १८४९ मध्ये, त्या रेल्वेचे सर्वेसर्वा जॉर्ज हडसन यांचे गैरव्यवहार उघडे पडले आणि भाव गडगडला. एमिली १८४८ च्या डिसेंबरातच गेली होती. शार्लटची भीती खरी ठरल्याचं तिला बघावं लागलं नाही.

वाऱ्यावादळाची एमिली मला कधीच फारशी कळली नव्हती. शेअर न विकण्यावर अडून बसलेली कळते. आमच्या घरात अशी एक आत्या होती.

पत्रं टिकतात कशी, हाही एक प्रकारच आहे. आपल्याकडे कुणी गेल्याचं पोस्टकार्ड आलं की वाचून फाडून टाकायचे, घरात ठेवायचं नाही. त्यांच्याकडे तेच पत्र काळ्या किनारीच्या कागदावर यायचं आणि जपून ठेवलं जायचं. पण फाडलेलंही कधीकधी टिकतं. ब्रसेल्सच्या आपल्या विवाहित शिक्षकांना, एजे यांना, शार्लटने परत आल्यावर जी पत्रं लिहिली, त्यातली चार उरलीत. उत्तराची एक ओळ मिळावी म्हणून केलेली विनवणी आहे ती. एजेंनी त्यातली तीन फाडून टाकली होती. त्यांच्या बायकोने तुकडे काढून जोडले. त्यातल्या एका पत्राच्या कडेला एजेंनी एका चांभाराचं नाव-पत्ता टिपून ठेवलाय. समोर एक बाई जीव तोडून लिहितेय आणि याला बूट दुरुस्त करायचेत. शेवटी १९१३ च्या जुलैमध्ये चारही पत्रं 'टाइम्स'मध्ये छापून आली. १८४७ च्या आधी पेपरात सापडायची नाही ती शार्लट अशी सापडली.

यावर तुमच्यापैकी काही जण, विशेषतः आमचे हे, म्हणतात, "मग हे वाचणं बरोबर आहे का?" नाही, पूर्ण बरोबर नाही. मला एकदम निर्दोष वाटत नाही.

जून १८५४ मध्ये शार्लटने वडिलांच्या हाताखालचे पाद्री आर्थर निकल्स यांच्याशी लग्न केलं. २० ऑक्टोबरला ती बालमैत्रीण एलन नसीला पत्र लिहीत होती. आर्थरनी डोकावून ते वाचलं. ओळखीच्या एका बाईबद्दल शार्लटने जरा मोकळेपणाने लिहिलं होतं. असली पत्रं काडेपेटीइतकी धोक्याची, ती ठेवता कामा नयेत, एलनने वाचून जाळावीत, नाहीतर यापुढे पत्रं बंद, असं आर्थरचं म्हणणं. शार्लट हे सगळं त्याच पत्रात पुढे लिहून टाकते. तिला हसू आवरत नाहीये, तो मात्र चिंतातुर डोळ्यांनी टेबलावर वाकून उभा आहे. एलनने पुढे लेखी वचन दिलं, पण अट घातली, की आर्थरनी पत्रांतल्या मजकुरावर नजर ठेवू नये. पाच महिन्यांनी, ३१ मार्च १८५५ ला, शार्लट गेली.

एलनकडची साडेतीनशेच्या वर पत्रं आज आहेत. जाळायला सांगणारं ते पत्रही त्यांतच आहे.