दिवसातून आठ वेळा विधवा

इथे मी कसलं पार्टटाईम काम धरलंय ते फोनवर सांगितलं तर आई आधी हसली आणि मग म्हणाली, अगं, असलं अभद्र काय करतेस! काम असं की मेडिकलच्या पोरांच्या प्रॅक्टिससाठी खोटा पेशंट नाहीतर खोटा नातेवाईक व्हायचं. ही आयडिया जुनीये, हॉवर्ड बॅरोज नावाच्या न्यूरोलॉजिस्टने १९६३ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू केलेली. परवा मी पेशंटची बायको होते, आठ विद्यार्थी, आठही वेळा नवरा मेला.

पोरं स्पाइक्स पाठ करून येतात. रॉबर्ट बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली छापलेली, वाईट बातमी सांगायची सहा पायऱ्यांची पद्धत, मुळात कॅन्सरसाठीची. म्हणजे आधी शांत खोली बघायची, फोन बंद, बसून बोलायचं, समोरच्याला काय माहितीये आणि किती ऐकायचंय ते विचारायचं, मग छोट्या वाक्यांत बातमी, मग त्याचं रडणं-चिडणं, आणि पुढचं काय ते सगळ्यात शेवटी. एकेकाळी हे शिकवायचा प्रश्नच नव्हता, १९६१ च्या एका अमेरिकन सर्व्हेत जवळपास ९०% डॉक्टरांचा कल पेशंटला कॅन्सर सांगूच नये असा होता!

घोटाळा होतो तो शब्दांत. एक मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, ते आता आपल्यात नाहीत. मला स्क्रिप्टमध्ये सांगितलेलं की असं गोलगोल बोललं तर विचारायचं, मग कुठल्या वॉर्डात हलवलं? बिचारी पांढरीफटक पडली. म्हणून इथे 'मृत्यू झाला' असंच स्पष्ट म्हणायला लावतात, ऐकायला कितीही कडू वाटलं तरी.

पण खरी गोची त्यानंतर. बातमी सांगून गप्प बसायचं असतं आणि तेच कुणाला जमत नाही. मी मान खाली घातली की दोन सेकंदांत पोस्टमॉर्टेम, कागदपत्रं, पाणी हवंय का, सगळं सुरू, आणि मला खोटी बायको असूनही खरंच ओरडावंसं वाटतं की अरे थांब ना जरा.

आठवा मुलगा थांबला. टिश्यूचा बॉक्स माझ्याकडे सरकवला आणि नुसता बसून राहिला, इतका वेळ की मला चक्क रडू आलं, तेही स्क्रिप्टमध्ये नसताना. नंतर फीडबॅकमध्ये मी भरभरून कौतुक केलं तर लाजून म्हणाला, मी पुढचं वाक्यच विसरलो होतो.

मार्क मात्र पूर्ण दिले.