मिसळायला सहा जण कशाला?

“वाइन करता तुम्ही एकटे, मग मिसळायला आणि बाटल्या भरायला सहा जण कशाला बोलावता?” हे मला नेहमी विचारलं जातं. बाटल्या भरायला हात लागतात, ते सोपं आहे. मला मित्र लागतात ते त्याआधी, वेगवेगळ्या द्राक्षांच्या वाइनी एकमेकींत मिसळताना.

एकाच वाइनजवळ वर्षभर राहिलं की तिचं उणं आपल्या जिभेला कळेनासं होतं. माझी कॅबरने, म्हणजे त्या नावाच्या काळ्या द्राक्षांची लाल वाइन, गडद रंगाची, शेवटाला भक्कम तुरट. पण घोट तोंडात असताना मध्येच चव पोकळ होते. ही पोकळी मला कधी जाणवली नव्हती. एका मैत्रिणीनं पहिल्याच घोटात सांगितली. मर्लो या दुसऱ्या द्राक्षाची वाइन मऊ असते, ती जागा ती भरून काढते. पेटी व्हर्डो या तिसऱ्या द्राक्षाची नुसती पिववत नाही इतकी तुरट, पण थोडीशी घातली की रंग आणि कणा देते.

किती घालायची, हे ठरवायला आम्ही मोजपात्र घेऊन बसतो. १०० मिलिलिटरचे नमुने करतो: ९०-१०, ८०-२०, ७०-३०, पहिला आकडा कॅबरनेचा. एका पेल्यात बिनमिसळीची कॅबरनेही असते. ती जिंकली तर तीच भरायची. पेल्यांवर फक्त आकडे. प्रत्येकानं वेगळ्या पेल्यापासून सुरुवात करायची, कारण टॅनिन, म्हणजे वाइनला तुरटपणा देणारं द्रव्य, जिभेवर साठत जातं आणि शेवटच्या पेल्यावर अन्याय होतो. घोट थुंकायचा, पाणी प्यायचं, आणि आधी कागदावर लिहायचं, मग बोलायचं. एकानं “हा छान” म्हटलं की बाकीच्यांनाही तोच छान लागू लागतो. हे मी खूपदा पाहिलंय, म्हणून या नियमाबाबत मी हट्टी आहे.

गेल्या खेपेला ७० टक्के कॅबरने, २५ मर्लो आणि ५ पेटी व्हर्डो या पेल्याला सहापैकी पाच जणांनी पसंती दिली. २३ लिटरच्या बुधल्यात ५ टक्के म्हणजे १ लिटर १५० मिलिलिटर. एवढ्याशानं घोटाचा शेवट लांबला.

मिसळ ठरली की लगेच भरत नाही. एकदा त्याच दिवशी भरली, आणि काही महिन्यांनी प्रत्येक बाटलीच्या तळाशी टार्टरेटचे, म्हणजे द्राक्षातल्या आम्लाच्या क्षाराचे, खडे दिसले. दोन स्थिर वाइनी एकत्र आल्या की आम्लाचा तोल बदलतो आणि साका नव्यानं बसू शकतो. आता महिनाभर थांबतो, गाळावरून काढतो, पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) पुन्हा मोजतो आणि त्या मानानं सल्फाइट, म्हणजे वाइन टिकवणारं द्रव्य, घालतो, पीएच ३.४ ऐवजी ३.७ असेल तर जवळपास दुप्पट लागतं. मॅलिक आम्लाचं किण्वन, म्हणजे जीवाणूंनी त्याचं सौम्य आम्ल करणं, पुरं झालंय ना, हेही तपासतो, नाहीतर बाटलीत वायू धरतो.

भरण्याच्या दिवशी एकजण सायफन सांभाळतो. नळी बाटलीच्या तळाला टेकवून, वाइन न खळखळता वर चढू द्यायची. दुसरा बुचं बसवतो, बाकीचे धुणं-पुसणं बघतात. बाटल्या तीन दिवस उभ्या, मग आडव्या.

२३ लिटरच्या बुधल्यातून ३० बाटल्या भरल्यावर अर्धा लिटर उरते. अर्ध्या बाटलीत हवा राहते, ती ठेवून चालत नाही. तीच त्या संध्याकाळी सहा पेल्यांत वाटतो.