द्झेक्सन

मोरजी, १४ जानेवारी

खालच्या खोलीतल्या आजी आज परत गेल्या. सकाळी तिळगूळ दिला तर कवळी काढून चघळत बसल्या. जन्म लेनिनग्राडचा, राहणं इस्रायलमधल्या हैफाला. इथल्या दुकानांच्या रशियन पाट्या वाचता येतात म्हणून दर हिवाळ्यात मोरजी.

काल रात्री व्हरांड्यात त्यांनी वडिलांचं सांगितलं. इंजिनीअर. १९७९ साली देश सोडायचा अर्ज केला, तो नाकारला, नोकरीही गेली. पुढची आठ वर्षं एका इमारतीचा बॉयलर राखला. रात्री उशीखाली रेडिओ, आवाज अगदी बारीक, आणि त्यात एका नावाची वाट बघायची. ‘द्झेक्सन’.

म्हणजे हेन्री जॅक्सन, अमेरिकेतले सिनेटर. १९७२ मध्ये सोव्हिएत सरकारने देश सोडणाऱ्या शिकलेल्यांकडून, म्हणजे बहुतेक ज्यूंकडून, शिक्षणाचा खर्च वसूल करायला कर बसवला. त्यावर जॅक्सन आणि प्रतिनिधीगृहातले व्हॅनिक यांनी १९७४ च्या व्यापार कायद्यात कलम घातलं: जो कम्युनिस्ट देश माणसांना बाहेर जाऊ देणार नाही, त्याला व्यापारात सवलतीचा दर्जा नाही. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री किसिंजर विरोधात होते. रशियाने चिडून व्यापार करारच झिडकारला. १९७३ मध्ये ३० हजारांवर ज्यू सुटले होते, १९७५ मध्ये त्याच्या निम्मेही नाहीत. पुन्हा १९७९ मध्ये ५० हजारांवर! आता यात कलमाचा गुण किती, कोण सांगणार?

मला आमचे आजोबा आठवत राहिले. १९५५ मध्ये गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि मग सीमाच बंद. आजोबा मुंबईत गिरणीत. त्यांची आई इथे वारली, ते तेराव्यालाही पोचले नाहीत. भारताची ही नाकेबंदी पोर्तुगिजांना नमवायला होती. पण मुरगावहून खनिज जपानला चाललंच होतं आणि बटाटे हॉलंडहून येत होते. आमची आजी त्या बटाट्यांचं नाव काढलं तरी तोंड वाकडं करायची. आजोबांनी मात्र नाकेबंदीला कधी वाईट म्हटलं नाही. मला ते आजही जड जातं. जॅक्सनने माणूस सुटावा म्हणून माल अडवला; इथे माल कसाबसा फिरला, अडकले ते आजोबा.

जॅक्सनचं सगळंच बरोबर, असंही नाही. लोक मोकळे झाल्यावरही ते कलम रशियावर २०१२ पर्यंत होतं. तो निव्वळ हट्ट.

दुपारी आजींना मोपा विमानतळावर न्यायला टॅक्सी आली. बॅगेत पाच किलो काजू. वजन जास्त भरेल म्हटलं, तर म्हणाल्या, “अडवलं तर काजू ठेवून घेऊ देत.”