आजीच्या माहेरचा हरवलेला भाचा

माझ्या डीएनए चाचणीत जुळलेल्या नातेवाइकांच्या यादीत एके दिवशी एक अनोळखी गृहस्थ दिसले. जुळणी ४३१ सेंटिमॉर्गन (सामाईक डीएनए मोजायचं एकक; आकडा जितका मोठा, तितकं नातं जवळचं). ते लहानपणी दत्तक गेलेले, वयाने माझ्या आणि बाबांच्या मधले. पहिला निरोप त्यांचाच आला: आपण एकमेकांचे कोण?

आईची चाचणी आधीच झाली होती आणि तिच्या यादीत ते नव्हते, म्हणजे नातं बाबांकडचं. आम्हा दोघांशीही जुळणाऱ्या लोकांत बाबांच्या आईच्या, म्हणजे माझ्या आजीच्या माहेरची माणसं निघाली. आजोबांकडचं कुणीच नाही. मग जेडमॅच या डीएनए ताडून पाहण्याच्या संकेतस्थळावर दोघांचं एक्स गुणसूत्र ताडून पाहिलं, तर चांगला लांब तुकडा जुळला. बाबांना एक्स मिळालं ते आजीकडून, तेच माझ्याकडे आलं. पुरुषाला एक्स फक्त आईकडूनच मिळतं, त्यामुळे या गृहस्थांचं नातंही त्यांच्या आईकडूनच असणार. आजीचे भाऊ इथेच बाद झाले. (एक्स जुळलं नसतं तर मात्र त्यावरून काहीच ठरवता आलं नसतं.)

खरी अडचण पुढे होती. कोणत्या नात्यात किती डीएनए जुळतो याची ब्लेन बेटिंगर या वंशावळ-अभ्यासकांनी जमवलेली आकडेवारी आहे; तिच्या २०२० च्या आवृत्तीत वडिलांच्या सख्ख्या मावसभावाशी सरासरी ४३३ सेंटिमॉर्गन जुळतात, तर आजीलाच आजोबांखेरीज दुसऱ्या पुरुषापासून झालेल्या मुलीच्या मुलाशी ४४९. म्हणजे ते आजीच्या बहिणीचा मुलगा असतील किंवा आजीच्याच, आम्हाला ठाऊक नसलेल्या मुलीचा. दोन्ही शक्यतांत जमीन-अस्मानाचं अंतर, आकडा मात्र जवळपास एकच. बाबांची चाचणी करूनही उपयोग नव्हता. तिथेही दोन्ही सरासऱ्या ८७० च्या आसपास येतात. अशा वेळी संकेतस्थळ दाखवतं ती नात्याच्या शक्यतेची टक्केवारी पाहून वंशवृक्षात नाव चिकटवणं मला अजिबात पटत नाही.

उत्तर देऊ शकणारी व्यक्ती एकच होती: आजीच्या थोरल्या बहिणीचे चिरंजीव, माझे काका. ते गृहस्थ काकांचे सख्खे भाऊ असते तर आकडा २,६०० च्या घरात गेला असता, सावत्र (आई एकच, वडील वेगळे) असते तर १,७५० च्या. काकांच्या धाकट्या मावशीचे, म्हणजे आजीच्या दुसऱ्या बहिणीचे, असते तर साधारण ८६६, आणि आजीचे नातू असते तर जेमतेम ४३३.

काकांना नुसतं "नळीत थुंका" म्हणणं योग्य नव्हतं. त्यांच्या आईबद्दलही काही उघड होऊ शकतं, हे मी समोर बसून स्पष्ट सांगितलं. त्यांनी वेळ मागून घेतला, मग स्वतःच फोन केला: "कर गं, त्यांना कळायला हवं."

निकाल आला ८९१. आजीच्या दोनच बहिणी मोठ्या झाल्या होत्या. थोरली काकांची आई, म्हणजे उरली धाकटी. या धाकट्या मावशी आजी आता हयात नाहीत, त्यामुळे आधी त्यांच्या मुलीशी बोलले. तीही चाचणीला तयार झाली आणि तिच्याशी सावत्र भावंडाइतकी जुळणी आली, तेव्हाच मी त्या गृहस्थांचं नाव वंशवृक्षात लिहिलं.

त्यांच्या वडिलांची चौकट अजून रिकामी आहे. त्यांच्या यादीतल्या ज्या जुळण्या मावशी आजींच्या मुलीकडेही नाहीत आणि काकांकडेही नाहीत, त्या वेगळ्या काढून आता आम्ही दोघं मिळून तीच बाजू शोधतो आहोत.